क्रमांक चुकतो तेव्हा लाटेक गप्प बसतं

माझा पीएच.डी.चा प्रबंध ग्राफ थिअरीवर होता. मी एका सीनियर कॉलेजात गणित शिकवते. नोकरी सांभाळून संशोधन केलं. प्रबंध इंग्रजीतून लिहिला आणि टाइपसेटिंग लाटेकमध्ये केलं. गणिताच्या विभागांत बहुतेक सगळे तेच वापरतात. या कामात मला सर्वांत जास्त छळलं ते अंतर्गत संदर्भांनी. म्हणजे ‘थिअरम ४.७ वरून’, ‘कन्स्ट्रक्शन ४.२ पाहा’ असे प्रबंधभर विखुरलेले उल्लेख. त्यातही थिअरम, लेमा या नेहमीच्या गोष्टींनी कमी त्रास दिला, खास आमच्या विषयासाठी तयार केलेल्या एन्व्हायर्नमेंटनी जास्त. विभागात मागून येणाऱ्या मुलामुलींना मी हे तोंडी सांगतेच. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून क्रमानं लिहून ठेवते.

आमच्या विभागात प्रबंधाची एक टेम्प्लेट वर्षानुवर्षं फिरत होती. एकानं दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पहिल्यांदा कोणी लिहिली हे आता कोणाला सांगता येत नाही. विद्यापीठाला हवे तसे समास, दीड ओळीचं अंतर, मुखपृष्ठ, प्रमाणपत्राचं पान, सगळं त्यात तयार होतं. शिवाय थिअरम, लेमा, कोरोलरी यांच्या जोडीला ‘कन्स्ट्रक्शन’ नावाची एक वेगळी एन्व्हायर्नमेंट होती. चौकटीत शीर्षक, खाली पायऱ्या, आणि आपोआप पडणारा क्रमांक. ग्राफ थिअरीत एका ग्राफपासून दुसरा कसा तयार करायचा हे सतत सांगावं लागतं, म्हणून ती फार सोयीची होती. सिद्धतेतल्या वेगवेगळ्या शक्यता मांडायला ‘केस’ नावाची आणखी एक होती. मी टेम्प्लेट घेतली आणि थेट लिहायला बसले.

पुढचं समजायला लाटेक क्रमांक कसे लक्षात ठेवतं ते थोडं सांगते. ज्या गोष्टीचा पुढे उल्लेख करायचा तिच्या आत आपण लेबल ही कमांड देतो आणि त्या लेबलाला एक नाव देतो. जिथे उल्लेख करायचा तिथे रेफ ही कमांड आणि तेच नाव. पहिल्या वेळी फाइल चालवली की लेबलांचे क्रमांक एका ऑक्स नावाच्या फाइलीत लिहिले जातात. दुसऱ्या वेळी ते तिथून वाचून जागच्या जागी छापले जातात. म्हणून किमान दोनदा चालवावं लागतं. लेबल सापडलं नाही तर क्रमांकाच्या जागी दोन ठळक प्रश्नचिन्हं येतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात डोनाल्ड क्नुथ यांच्या टेकवर लाटेक उभं केलं, तेव्हापासून मूळ पद्धत हीच आहे. ओव्हरलीफवर काम करणाऱ्यांना दोनदा चालवणं जाणवत नाही, कारण तिथे ते मागच्या मागे आपोआप होतं.

त्या दोन प्रश्नचिन्हांना सगळे घाबरतात. मीही घाबरायचे. आता माझं मत उलट आहे. प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून ती दुरुस्त होतात.

पहिले तीन चॅप्टर गाइडकडे दिले तेव्हा काही निघालं नाही. त्यात कन्स्ट्रक्शन मोजक्याच होत्या. चौथ्या चॅप्टरचं प्रिंट सरांनी घरी नेऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. एका सिद्धतेत लिहिलं होतं की कन्स्ट्रक्शन ४.२ वापरून मिळालेल्या ग्राफचा डॉमिनेशन नंबर अमुक इतका येतो. सर मागची पानं उलटून कन्स्ट्रक्शन ४.२ पर्यंत गेले होते. ते म्हणाले, “अगं, इथे तर तू दोन सायकल जोडल्या आहेस. सिद्धतेत पेंडंट व्हर्टेक्स म्हणते आहेस. ते या ग्राफमध्ये आहेत कुठे?”

ते ४.२ मध्ये नव्हते. प्रत्येक व्हर्टेक्सला एक पेंडंट व्हर्टेक्स जोडायची कन्स्ट्रक्शन ४.५ होती. मी सोर्स उघडून पाहिला. लेबलाचं नाव बरोबर, रेफमधलं नाव बरोबर. तरी छापलं जात होतं ४.२. मग बाकीचे उल्लेख पाहिले. त्या सेक्शनमधल्या सगळ्याच कन्स्ट्रक्शनचे उल्लेख ४.२ असे छापले होते. कारण त्या सेक्शनचा क्रमांक ४.२ होता. छापला जात होता सेक्शनचा क्रमांक, आणि दुर्दैवानं कन्स्ट्रक्शन ४.२ नावाचीही एक चीज खरोखर अस्तित्वात होती. त्यामुळे वाचणाऱ्याला संशय यायला जागाच नव्हती. लॉगमध्ये एकही वॉर्निंग नव्हती.

माझ्या पोटात गोळा आला तो याच विचारानं. तपासणाऱ्या परीक्षकाला हे दिसलं असतं तर त्यांनी टाइपसेटिंगची चूक मानली नसती. सिद्धता चुकीची आहे असंच मानलं असतं, आणि त्यांच्या बाजूनं ते योग्यच झालं असतं.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी सुचवलं की जिथे चुकतंय तिथे रेफ काढून सरळ ४.५ असं हातानं टाइप करा. बरेच जण असं करतात. मी केलं नाही, आणि ते फार बरं झालं. पुढे सरांनी तिसऱ्या चॅप्टरचे दोन चॅप्टर करायला सांगितले. चौथ्याचा पाचवा झाला आणि त्यानंतरचे सगळे क्रमांक सरकले. हातानं टाइप केलेला प्रत्येक आकडा तेव्हा खोटा ठरला असता, आणि तोही कोणतीही वॉर्निंग न देता.

कारण शोधायला कॉम्प्युटर सायन्स विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याची मदत झाली. तो म्हणाला, “मॅडम, दीडशे पानांच्या फाइलीत काही सापडणार नाही. पानभर मजकुराची नवी फाइल करा. एक चॅप्टर, एक सेक्शन, एक थिअरम, एक कन्स्ट्रक्शन आणि दोघांचे उल्लेख. एवढंच.” तशी फाइल केली. थिअरमचा उल्लेख बरोबर आला, कन्स्ट्रक्शनचा चुकला. म्हणजे दोष कन्स्ट्रक्शनच्या व्याख्येतच होता. आता पाहायच्या ओळी पाच-सहाच उरल्या.

त्यांपैकी एका ओळीत स्टेपकाउंटर ही कमांड होती. तिनं काउंटर एकनं वाढतो, त्यामुळे चौकटीच्या शीर्षकात क्रमांक बरोबर पडत होता. पण लेबल ही कमांड काउंटर वाचत नाही. ‘सध्याचा उल्लेख-क्रमांक’ म्हणून लाटेकनं जे शेवटचं नोंदवलेलं असतं ते ती उचलते. ही नोंद करते ती रेफस्टेपकाउंटर नावाची दुसरी कमांड. चॅप्टर, सेक्शन, कॅप्शन, न्यूथिअरमनं केलेल्या एन्व्हायर्नमेंट हे सगळे आतून तीच वापरतात. आमच्या कन्स्ट्रक्शनमध्ये ती नव्हती, म्हणून लेबलाला मिळत होती त्याआधीची नोंद, म्हणजे सेक्शनची. स्टेपकाउंटरच्या आधी रेफ ही तीन अक्षरं जोडली आणि सगळे उल्लेख सुधारले.

टेम्प्लेट कित्येक जणांनी वापरली होती, मग हे आधी कसं कळलं नाही? मी दोन सीनियर्सना विचारलं. दोघांनीही कन्स्ट्रक्शनचे उल्लेख ‘वरील कन्स्ट्रक्शन’ असेच केले होते, क्रमांक देऊन केलेच नव्हते. त्यामुळे दोष तसाच पडून राहिला.

लेबल शेवटची नोंद उचलतं, म्हणून ते कुठे लिहायचं यालाही महत्त्व आहे. एन्व्हायर्नमेंट सुरू झाल्यावर लगेच, तिच्या आत लिहावं. बिगिनच्या आधी लिहिलं तर मागचाच क्रमांक मिळतो. एंडच्या नंतर लिहिलं तरी चुकतं, कारण ती नोंद त्या एन्व्हायर्नमेंटपुरतीच टिकते आणि बाहेर आलं की पुन्हा सेक्शनचा क्रमांक लागू होतो. आकृत्यांमध्ये लेबल कॅप्शनच्या नंतर हवं. क्रमांक कॅप्शनमुळे पडतो, फिगर सुरू झाल्यानं नव्हे.

क्रमांक सुधारले आणि प्रश्न नावांचा आला. तोवर मी ‘थिअरम’, ‘लेमा’ हे शब्द हातानं लिहून पुढे रेफ देत होते. काम पुढे जाईल तसं एखादं विधान लेमाचं थिअरम व्हायचं, एखादं थिअरम उतरून प्रपोझिशन व्हायचं. क्रमांक आपोआप बदलायचा, शब्द तसाच राहायचा. प्रत्येक ठिकाणी जाऊन शब्द बदलणं वैतागाचं होतं आणि एखादा हमखास सुटायचा. म्हणून शब्दही लाटेकनंच छापावा असं ठरवलं. पीडीएफमध्ये लिंक हव्यात म्हणून हायपररेफ पॅकेज घातलेलंच होतं. त्यात ऑटोरेफ कमांड आहे, ती नाव आणि क्रमांक दोन्ही छापते. मी ती वापरायला लागले आणि सगळ्या लेमांचे उल्लेख थिअरम म्हणून छापले गेले. विधानाच्या डोक्यावर ‘लेमा ५.३’, उल्लेखात ‘थिअरम ५.३’.

कारण असं. आमच्याकडे थिअरम, लेमा, कोरोलरी, प्रपोझिशन या सगळ्यांचा काउंटर एकच होता. थिअरम ५.२ नंतर लेमा ५.३, मग कोरोलरी ५.४. ही पद्धत मला आवडते. वाचणाऱ्याला पानं उलटताना ५.३ कुठे असेल हे लगेच कळतं. प्रत्येकाला वेगळा काउंटर दिला की लेमा ५.३ हा थिअरम ५.८ च्या आधी की नंतर हे शोधत बसावं लागतं. पण ऑटोरेफ नाव ठरवते ते काउंटरच्या नावावरून. काउंटर थिअरमचा, म्हणून नावही थिअरम.

यावर दोन उपाय मला मिळाले. एक ॲलियसकाउंट नावाचं छोटं पॅकेज, त्यानं एकाच काउंटरला अनेक नावं देता येतात. दुसरा उपाय क्लेव्हररेफ पॅकेज. ते टोबी क्युबिट या क्वांटम इन्फर्मेशनच्या संशोधकानं लिहिलं आहे. मी क्लेव्हररेफ घेतलं. त्याची सीरेफ ही कमांड प्रकार ओळखून नाव छापते आणि एका वेळी अनेक लेबलं दिली तर त्यांचा क्रम लावून ‘लेमाज ५.३ टू ५.५’ असं आटोपशीर लिहिते. माझ्या प्रबंधात असे उल्लेख पुष्कळ होते.

पण क्लेव्हररेफ घातल्यावरही लेमा थिअरम म्हणूनच छापला जात होता. इथे मी खरंच खचले. प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर होती आणि मी गणित सोडून हेच करत होते. शेवटी पॅकेजचं मॅन्युअल शांतपणे वाचलं. उत्तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: पॅकेज कोणत्या क्रमानं येतात यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं एएमएसथिअरम आधी. मग हायपररेफ. त्याच्यानंतर क्लेव्हररेफ. आणि न्यूथिअरमच्या सगळ्या ओळी क्लेव्हररेफच्याही नंतर. टेम्प्लेटमध्ये न्यूथिअरमच्या ओळी वर होत्या आणि मी क्लेव्हररेफ तळाला जोडलं होतं. त्यामुळे लेमा कधी जन्माला आला हे त्या पॅकेजला माहीतच नव्हतं. ओळी खाली हलवल्या, ऑक्स फाइल पुसली, पुन्हा चालवलं. लेमा लेमा झाला.

ऑक्स फाइल पुसणं विसरू नका. नवं पॅकेज घातलं किंवा काढलं की जुन्या ऑक्समधल्या नोंदी वेगळ्या घडणीच्या असतात आणि अगम्य एरर येतात. आपण भलत्याच ओळीत दोष शोधत बसतो. ओव्हरलीफवर यासाठी ‘रीकंपाइल फ्रॉम स्क्रॅच’ हा पर्याय आहे.

आता कन्स्ट्रक्शनच्या जागी आलं ‘?? ४.५’. क्रमांक बरोबर, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. थिअरम, लेमा, डेफिनिशन, फिगर यांची नावं क्लेव्हररेफला आधीपासून माहीत असतात. आपण तयार केलेल्या गोष्टीचं नाव त्याला कसं माहीत असणार? ते सीरेफनेम या कमांडनं सांगावं लागतं: काउंटरचं नाव, छापायचं एकवचनी रूप, अनेकवचनी रूप. एका ओळीचं काम. वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल अक्षर हवं असेल तर कॅपिटल सीची वेगळी कमांड आहे. आमच्या सरांना वाक्याच्या मध्येही ‘लेमा’चं पहिलं अक्षर कॅपिटलच हवं होतं. त्यासाठी पॅकेज बोलावतानाच कॅपिटलाइज हा पर्याय दिला आणि स्वतःच्या नावांत कॅपिटल मीच लिहिलं.

केस एन्व्हायर्नमेंटनं वेगळाच त्रास दिला. तो कागदावर दिसत नव्हता. प्रत्येक सिद्धतेत केस पुन्हा १ पासून सुरू होतात. टेम्प्लेटमध्ये त्यासाठी सिद्धता सुरू होताना काउंटर शून्यावर आणलेला होता. छापील प्रतीत सगळं ठीक. पण पीडीएफमध्ये सहाव्या चॅप्टरमधल्या ‘केस २’वर क्लिक केलं की पान उघडायचं तिसऱ्या चॅप्टरमधल्या पहिल्या सिद्धतेचं. हायपररेफ प्रत्येक क्रमांकासाठी पीडीएफमध्ये एक खूण ठेवतं आणि त्या खुणेला काउंटरवरून नाव देतं. आमच्याकडे प्रत्येक सिद्धतेतल्या ‘केस २’च्या खुणेचं नाव तेच पडत होतं. दोन खुणांची नावं सारखी असली की पहिली ठेवली जाते, पुढच्या सोडून दिल्या जातात. याची वॉर्निंग मात्र लॉगमध्ये होती. ‘डुप्लिकेट इग्नोर्ड’ अशा शब्दांनी संपणाऱ्या ओळी ढिगानं होत्या. वॉर्निंगच्या गर्दीत त्या वाचायचं राहून जातं.

उपाय सोपा निघाला. काउंटर हातानं शून्यावर आणायचा नाही. तो तयार करतानाच थिअरमच्या काउंटरला बांधायचा. म्हणजे थिअरम किंवा लेमाचा क्रमांक वाढला की केस आपोआप शून्यावर येतो, आणि खुणेच्या नावात थिअरमचा क्रमांकही येतो. मात्र ही ओळ हायपररेफच्या नंतर हवी. ज्यांना हातानंच शून्यावर आणणं भाग आहे त्यांनी द-एच-केस ही कमांड वेगळी लिहून खुणेच्या नावात थिअरमचा क्रमांक घालावा. त्यानं छापील क्रमांकाला धक्का लागत नाही.

लिंकची एवढी काळजी कशाला, प्रबंध तर बाइंड करून जातो, असं मला काहींनी म्हटलं. मला ते पटत नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रतही द्यावी लागते आणि ती इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर जाते. बाइंड केलेली प्रत ग्रंथालयातल्या कपाटात राहते. पुढे कोणी आपलं काम वाचलं तर ते पीडीएफच वाचणार, आणि सिद्धतेच्या मधोमध लिंकवर क्लिक करणार.

आणखी एक अडचण प्रस्तावनेत आली. मुख्य निकाल पहिल्या चॅप्टरमध्ये सांगायचा आणि पुढे त्याच्या जागी सिद्धतेसह पुन्हा मांडायचा अशी पद्धत असते. विधान कॉपी करून पेस्ट केलं की त्याचं लेबलही दोनदा येतं. लाटेक ‘मल्टिप्लाय डिफाइन्ड’ अशी वॉर्निंग देतं आणि शेवटचा क्रमांक धरतं. शिवाय एकाच निकालाला दोन क्रमांक मिळतात. थिअरमटूल्सबरोबर येणारं थिअरम-रीस्टेट पॅकेज यासाठीच आहे. विधान एकदाच लिहायचं, त्याला नाव द्यायचं, आणि दुसरीकडे त्या नावानं तेच विधान त्याच क्रमांकासह पुन्हा छापायचं. पुढे विधानात एक अट वाढवावी लागली तेव्हा ती एकाच जागी वाढवली आणि दोन्हीकडे आली. मला हे पॅकेज फार आधी माहीत असायला हवं होतं असं वाटलं.

थिअरमच्या पोटातल्या (i), (ii), (iii) भागांबद्दल थोडक्यात. तिथे आयटमला लेबल दिलं तर उल्लेखात नुसतं (ii) येतं, कोणत्या थिअरमचं ते कळत नाही. एन्युमआयटम पॅकेजमध्ये यादी सुरू करतानाच रेफ हा पर्याय देऊन त्यात थिअरमचा क्रमांक जोडता येतो. मग ‘४.७(ii)’ असं पूर्ण छापलं जातं.

हे सगळं चालू असताना कॉलेजातल्याच शिक्षणशास्त्राच्या एक मॅडम मराठीतून प्रबंध लिहीत होत्या. त्यांनी झीलाटेक आणि पॉलीग्लॉसिया घेऊन मराठी मजकूर सुरेख बसवला होता. ‘कृती’ आणि ‘उदाहरण’ अशा दोन एन्व्हायर्नमेंट त्यांनी स्वतः केल्या होत्या. त्यांनाही क्लेव्हररेफ हवं होतं. आम्ही दोघींनी बसून ते केलं. सीरेफनेममध्ये ‘उदाहरण’ आणि ‘उदाहरणे’ दिलं. दोन संदर्भांच्या मध्ये येणारा इंग्रजी ‘अँड’ आणि पल्ल्याच्या मध्ये येणारा ‘टू’ वेगळ्या कमांडनी बदलावे लागतात. तिथे ‘व’ आणि ‘ते’ घातलं. विभक्तीची मला भीती होती. प्रत्यक्षात अडलं नाही. नाव आणि क्रमांक छापल्यावर प्रत्यय क्रमांकानंतर लिहिला की झालं: ‘उदाहरण ३.२ वरून’, ‘उदाहरणे ३.२ व ३.४ यांवरून’. फक्त ‘उदाहरणातील’ अशी जोडून लिहिण्याची सवय त्यांना सोडावी लागली. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी लाटेकला बिचकू नये असं मी त्या अनुभवावरून सांगते.

शेवटच्या टप्प्यात तपासणी मी डोळ्यांनी केली. शोकीज पॅकेज तात्पुरतं घातलं. त्यानं प्रत्येक लेबलाचं आणि उल्लेखाचं नाव पानावरच छापलं जातं. मी सगळ्या लेबलांना प्रकाराचा उपसर्ग दिला होता, कन्स्ट्रक्शनच्या लेबलाला ‘कन्स’ आणि पुढे अर्थ सांगणारा शब्द, उदाहरणार्थ ‘कन्स-पेंडंट’. त्यामुळे ‘कन्स-पेंडंट’ हे नाव आणि शेजारी छापलेला क्रमांक जुळतात का हे पेन घेऊन पान-पान पाहता आलं. ज्यांनी लेबलांना ‘एक’, ‘दोन’, ‘नवीन एक’ अशी नावं दिली आहेत त्यांना हे जमणार नाही. या तपासणीत मला आणखी दोन चुकलेले उल्लेख मिळाले. दोन्ही ठिकाणी लेबल एंडच्या नंतर गेलेलं होतं. एकदा माझ्या यजमानांनी पीडीएफ घेऊन बसून फक्त लिंकवर क्लिक करत नेलं. त्यांना गणित कळत नाही, पण ‘केस २’वर क्लिक केल्यावर ‘केस २’ उघडतं की नाही हे कोणालाही कळतं. ती मदत मोठी होती.

प्रबंध जमा झाला. परीक्षकांच्या अहवालात गणिताबद्दल सूचना आल्या, क्रमांकांबद्दल एकही आली नाही.

दुरुस्त केलेली टेम्प्लेट मी विभागात दिली आणि जुनी सगळ्यांच्या पेनड्राइव्हमधून काढायला सांगितली. तरी अशा टेम्प्लेट विभागाविभागांत फिरत असतात. तुमच्याकडे जी आली असेल ती उघडा आणि स्टेपकाउंटर हा शब्द शोधा. त्याच्या मागे रेफ नसेल आणि त्या गोष्टीचा क्रमांक देऊन तुम्हाला पुढे उल्लेख करायचा असेल, तर पहिला चॅप्टर लिहायच्या आधी तो दुरुस्त करा. मग एक पानभराची फाइल करून प्रत्येक एन्व्हायर्नमेंटचा एकेक उल्लेख छापून बघा. आणि तुमचा प्रबंध होऊन गेला असला, तरी ती फाइल दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ही ओळ नक्की बदला.